दुकान आवरायला काढलंय

मला राग पटकन येतो आणि स्वतःची चूक फार उशिरा कळते. घरात हे सगळ्यांना माहीत आहे. मला ते मान्य करायला एक अख्खा आठवडा आणि वर दोन दिवस लागले.

आमचं बटणांचं दुकान आहे. पूर्वी ते रस्त्यावर होतं, सासऱ्यांचं. ते गेले, जागा सोडावी लागली आणि माल तेवढा घरी आला. आता मागच्या खोलीत भिंतभर उथळ खणांची कपाटं आहेत आणि त्या खणांत शिंपल्याची, शिंगाची, लाकडी, पितळी, कापडाने मढवलेली अशी हजारो बटणं. विकतो इंटरनेटवर. मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई, दोघीच. कुणाच्या कोटाचं एखादं बटण हरवलं की तो उरलेल्या बटणाचा फोटो पाठवतो. जाऊबाई फोटो बघतात, उठतात, सरळ एका खणापाशी जातात आणि त्याचा जोडीदार काढून आणतात. मला या घरात येऊन अकरा वर्षं झाली, पण खरं पितळ आणि नुसता मुलामा यांतला फरक अजून मला हातात घेऊन कळत नाही. माझं काम कॉम्प्युटरचं. वेबसाइट मी उभी केली, चालवते मीच, आणि हे घरात कुणी विसरू नये याची काळजीही मीच घेते.

तर यंदा जाऊबाईंनी एक गोष्ट सुचवली. त्या सहसा काही सुचवत नाहीत. विचारलं तर सांगतात, नाहीतर खण उघडतात आणि मिटतात. त्या दिवशी मात्र माझ्या खुर्चीच्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हे फोटो बरोबर नाहीत."

"का? काय झालं फोटोंना?"

"पांढऱ्या कागदावर पांढरं बटण. दिसतंय काय त्यात? आणि केवढं आहे ते कळत नाही. तू बारा मिलिमीटर लिहितेस, पण माणूस बटण बोटात धरून ओळखतो."

त्यांचं म्हणणं असं, की फोटो काळ्या कापडावर काढायचे, खिडकीजवळ, उजेड बाजूने घेऊन, म्हणजे बटणाची कड आणि भोकं उठून दिसतील. आणि प्रत्येक बटण अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरायचं. मला पटलं नाही, पण नाही म्हणायला कारणही सुचलं नाही. मग पाच आठवडे जाऊबाई रोज सकाळी दहा ते बारा खिडकीपाशी बसत होत्या. उजव्या हातात फोन, डाव्या हाताच्या चिमटीत बटण. एकोणतीस वर्षं या घरात काढून त्यांनी प्रथमच एक काम स्वतःच्या डोक्याने काढलं होतं, आणि त्या पाच आठवड्यांत त्या कामात गुणगुणायच्या. मी त्यांना गुणगुणताना कधी ऐकलं नव्हतं.

फोटो झाले. आता ते वेबसाइटवर चढवायचे, त्याबरोबर खणांचे नंबर बदलायचे, म्हणजे मध्येच कुणी जुन्या नंबराने मागणी टाकली तर नुसता गोंधळ. म्हणून दोन दिवस दुकान बंद ठेवायचं ठरलं. बंद म्हणजे, कुणी वेबसाइट उघडली तर दुकानाऐवजी एक पान दिसेल, की काम चालू आहे, नंतर या. असं पान तयार मिळतं. करड्या रंगाचं, मधोमध नट आवळायचा पाना आणि खाली 'हे संकेतस्थळ देखभालीसाठी बंद आहे'. ते बघून मला कचेरीच्या बंद खिडकीपुढे उभं राहिल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, आपलं पान आपण करायचं.

दीड दिवस मी त्या पानावर घालवला. गडद निळा रंग, वर कोटाच्या पुढच्या बाजूचं चित्र, त्यात एका बटणाच्या जागी नुसता लोंबता दोरा. खाली मजकूर: 'दुकान आवरायला काढलंय. बटणं मोजतोय, पुसतोय, नव्या खणांत घालतोय. दोन दिवसांत भेटू. तोवर सांभाळून, कशात अडकू नका.' हे वाक्य सुचल्यावर मी माझीच पाठ थोपटून घेतली. गूगलसारख्या शोधयंत्रांसाठीही आतून निरोप लावला की दुकान बंद पडलेलं नाही, नुसतं थांबलंय, म्हणजे ते आम्हाला यादीतून काढून टाकणार नाहीत. सगळं चोख.

जाऊबाईंनी पान माझ्या पडद्यावर बघितलं, अजून अर्धवट होतं तेव्हा. म्हणाल्या, "छान आहे. खाली फोन नंबर टाक ना."

"कशाला? दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. नंबर टाकला की पानाचा तोंडवळाच बिघडतो."

"कुणाला काही विचारायचं असलं तर?"

"ताई, दोन दिवस कुणी बटणावाचून मरत नाही."

त्या खणांकडे वळल्या. मग मी एक सोय केली, आणि ती सोयच पुढे नडली. पान लागल्यावर आम्हालाही दुकान दिसेनासं झालं असतं. मग आत काम कसं करायचं? म्हणून मी असं लावून ठेवलं की आमच्या घरच्या इंटरनेटवरून कुणी आलं तर त्याला पान न दिसता सरळ दुकान दिसेल. बाहेरच्यांना पान, घरच्यांना दुकान. घरातले सगळे फोन, कॉम्प्युटर त्याच इंटरनेटवर चालतात.

सोमवारी पान लावलं. सोमवार, मंगळवार आम्ही दोघींनी मान मोडून काम केलं. बुधवारी सकाळी मी दुकान उघडून शेवटचा फोटो तपासला, जाऊबाई मागे उभ्या होत्या, आणि मी म्हटलं, "झालं बघा. उघडलं दुकान." उघडं दिसतच होतं. दोन दिवस मी उघडं दुकानच बघत होते, त्यामुळे ते उघडायचं राहिलंय हे कळायला जागाच उरली नाही. पान काढायचं एक साधं बटण होतं, एकदा दाबायचं. ते मी दाबलं नाही.

बुधवारी एकही मागणी आली नाही. आम्ही म्हटलं, लोकांना कळायला वेळ लागेल. गुरुवारी नाही. शुक्रवारी मी आकडे काढून बघितले तर माणसं येत होती. रोज जेवढी येतात तेवढीच, उलट थोडी जास्त. येत होती, दहा-वीस सेकंद थांबत होती आणि निघून जात होती. ती माझं निळं पान वाचून जात होती, हे तो आकडा सांगत नव्हता. मला एवढंच दिसत होतं की लोक येतात, नवे फोटो बघतात आणि पाठ फिरवतात.

शनिवारी जाऊबाईंनी विचारलं, "काही आलं?" रविवारी विचारलं, "काही आलं?" सोमवारी त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझं डोकं फिरलं.

"काय येणार, ताई? बाराशे फोटोंत बाराशे वेळा तुमचा अंगठा. लोकांना बटण हवंय. तुमचा अंगठा कुणाला बघायचाय?"

बोलून गेले. त्यांनी स्वतःच्या डाव्या हाताकडे बघितलं. सुया टोचून त्या अंगठ्याचं नख एका बाजूने कायमचं चिरलेलं आहे. मग हात खाली घेऊन त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि रोजच्या वेळेला चहा घेऊन आल्या. चहात साखर बरोबर होती. त्यांना माझा राग आला असता तर मला बरं वाटलं असतं.

त्याच आठवड्यात त्यांच्या ओळखीच्या एका बाईने निरोप दिला होता की तयार कपड्यांच्या कारखान्यात गोदाम सांभाळायला जाणतं माणूस हवंय. बटणं, चेन, अस्तरं यांचा हिशेब ठेवायचा, सकाळी आठ ते सहा. एरवी जाऊबाईंनी तो निरोप हसण्यावारी नेला असता. बुधवारी त्या जाऊन भेटून आल्या. गुरुवारी म्हणाल्या, "सोमवारपासून ये म्हणतात. मी हो म्हटलंय. तू दुकान तुझ्या पद्धतीने चालव."

"आणि कुणी बटणाचा फोटो पाठवला तर? मी कुठे शोधू?"

"संध्याकाळी घरी आल्यावर मी बघत जाईन." आणि वर म्हणाल्या, "जुने फोटो लाव परत. माझे काढून टाक."

खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. शुक्रवारी सकाळी मी जुने फोटो चढवले. बाराशे अंगठे अर्ध्या तासात गेले.

शुक्रवारी दुपारी नवऱ्याचा कोट अस्तर बदलायला टाकायचा होता. नवरा फिरतीच्या नोकरीवर, त्यामुळे असली कामं माझ्याकडे. कोपऱ्यावरचा शिंपी आमचं जुनं गिऱ्हाईक. सासऱ्यांच्या वेळेपासून बटणं आमच्याकडूनच नेतो, आणि हल्ली इतका आधुनिक झालाय की दोन गल्ल्या चालत यायच्या ऐवजी फोनवर वेबसाइट उघडून मागवतो. कोट हातात घेत तो म्हणाला, "काय वहिनी, दुकान उघडणार की नाही?"

"उघडंच आहे की."

"कसलं उघडं? दोन दिवस लिहिलंय तुम्ही, दोन आठवडे होत आले. माझे तीन कोट बटणांवाचून पडलेत. नंबर शोधला तर तोही कुठे नाही. म्हटलं, घरी काही बरंवाईट झालं की काय. विचारायला यायलाही संकोच वाटला."

त्याने फोन माझ्यापुढे धरला. गडद निळा रंग, कोटाचं चित्र, लोंबता दोरा. 'तोवर सांभाळून, कशात अडकू नका.'

"लिहिलंय मात्र झकास," तो म्हणाला. "आम्ही दुकानात सगळ्यांनी वाचलं. कुणी लिहिलं?"

मी कोट तिथेच टाकून घरी आले, कॉम्प्युटरपुढे बसले आणि ते बटण दाबलं. एक सेकंद लागला. मग फोनवरचं घरचं इंटरनेट बंद करून खात्री केली. दुकान उघडलं होतं, जुन्या पांढऱ्या फोटोंसकट.

जाऊबाई तेव्हा आत कपडे घड्या करत होत्या. मी उठून त्यांना सांगणार होते. अगदी उठलेही. तेवढ्यात कॉम्प्युटर वाजला. मागणी. मग आणखी एक. संध्याकाळपर्यंत चौदा झाल्या. दुसऱ्या आवाजालाच जाऊबाई हातातली घडी तशीच घेऊन बाहेर आल्या होत्या.

"आल्या?"

"आल्या."

त्या खाली बसल्या आणि हसल्या. "बघ. फोटोंचंच होतं. तू म्हणत होतीस ते खरं निघालं. माझा अंगठा गेला आणि लोक आले."

त्या क्षणी बोलायचं होतं. मी बोलले नाही. मी म्हटलं, "चला, बांधून टाकू." आणि आम्ही चौदा पाकिटं बांधली. त्या खणांतून बटणं काढत होत्या, मी पत्ते चिकटवत होते आणि मनात हिशेब चालू होता: हे कुणालाच कळणार नाही. पान गेलं, मागण्या आल्या, शिंपी काही घरी येऊन सांगणार नाही. जाऊबाईंना नोकरीही मिळाली. कुणाचं काय बिघडलं?

जेवताना भावजींनी, जाऊबाईंच्या यजमानांनी, विचारलं की दुकान कसं चाललंय. जाऊबाईंनी स्वतःच सगळं रंगवून सांगितलं, काळं कापड, खिडकी, चिमटी. भावजी पोट धरून हसले. "म्हणजे तू अंगठाबहाद्दर निघालीस की गं," ते म्हणाले. वाईट हेतूने नाही. ते सगळ्यांची अशीच थट्टा करतात. जाऊबाईही हसल्या. म्हणाल्या, "मला मेलीला कशाला हवेत हे धंदे. मी आपली खण उघडावेत आणि मिटावेत." त्या जे हसत होत्या ते मला बघवत नव्हतं.

शनिवारी सकाळी त्या सोमवारसाठी कपडे इस्त्री करत होत्या. मी दारात उभी राहिले.

"ताई, फोटोंचं काही नव्हतं."

"कशाचं?"

"मागण्या येत नव्हत्या ते फोटोंमुळे नाही. दुकान बंदच होतं. मी पान काढायला विसरले. घरातून उघडं दिसत होतं, बाहेर सगळ्यांना ते निळं पानच दिसत होतं. तुमचे फोटो कुणी बघितलेच नाहीत. एकानेही नाही. काल दुपारी शिंप्याने सांगितलं तेव्हा कळलं. आणि मी काल तुम्हाला सांगितलं नाही."

त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली. मी वाट बघत होते की त्या काहीतरी बोलतील. मी त्यांच्या जागी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं. त्या म्हणाल्या, "ते पान दाखव मला. पुरं झालेलं मी बघितलंच नव्हतं."

मी दाखवलं. त्यांनी सावकाश वाचलं, ओठ हलवत.

"कशात अडकू नका," त्या म्हणाल्या. "चांगलं आहे." मग फोन परत देत म्हणाल्या, "नऊ दिवस मी रात्री या कुशीवरून त्या कुशीवर होत होते. मला वाटायचं, सासऱ्यांनी एवढ्या वर्षांत जमवलेलं गिऱ्हाईक मी पाच आठवड्यांत घालवलं."

मला रडू आलं. माझं रडणं बघायला त्या थांबल्या नाहीत. भिंतीशी जाऊन त्यांनी कारखान्याला फोन लावला. म्हणाल्या, एक महिना थांबता येईल का. पलीकडून नाही म्हणाले असावेत, कारण त्या म्हणाल्या, "मग राहू द्या. नाही, तब्येत ठीक आहे. घरचंच काम आहे." फोन ठेवला, इस्त्रीची पिन काढली आणि मागच्या खोलीत येऊन माझ्या खुर्चीत बसल्या. त्या खुर्चीत त्या आजवर कधी बसल्या नव्हत्या.

"माझे फोटो आहेत ना, की पुसलेस?"

"आहेत."

"मग सांग कुठे काय दाबायचं. तू हात लावू नकोस."

मी मागे उभी राहून सांगत गेले. "पण तुमचे फोटो लोकांना आवडतील की नाही ते अजूनही माहीत नाही, ताई," मी म्हटलं. तेवढं बोलल्याशिवाय मला राहवेना.

"नसतील आवडणार. ते लोकांना ठरवू दे."

आधी त्यांनी पान परत लावलं, म्हणजे मध्येच कुणी घोटाळ्यात पडू नये. पानाच्या खाली फोन नंबर टाकला. तोंडवळा बिघडला नाही. मग एका बोटाने टकटक करत त्यांनी बाराशे फोटो चढवले. दिवसभर लागला. फोन तीनदा वाजला, आणि तिन्ही वेळा लोकांनी एवढंच विचारलं की सगळं ठीक आहे ना. तिन्ही वेळा जाऊबाईंनीच उत्तर दिलं.

साडेपाचला त्यांनी शेवटचं बटण दाबलं आणि पडद्याकडे बघितलं. दुकान दिसत होतं. काळं कापड, शिंपल्याचं बटण, चिरलेल्या नखाचा अंगठा.

"उघडलं," मी म्हटलं.

"इथून तर उघडंच दिसतं," त्या म्हणाल्या. "बाहेर जाऊन बघून ये."

मी फोन घेऊन जिना उतरले, रस्त्यावर आले, घरचं इंटरनेट बंद केलं. दुकान उघडलं. मी दहा-बारा बटणं खाली-वर करून बघितली. ऊन उतरलं होतं, पण पडद्यावर कडा स्वच्छ दिसत होत्या आणि प्रत्येक बटण केवढं आहे ते बघताक्षणी कळत होतं. हे मी घरात बसून पाच आठवडे बघितलं होतं आणि मला दिसलं नव्हतं.

वर खिडकीत जाऊबाई उभ्या होत्या.

"उघडं आहे," मी खालून म्हटलं.

"नीट बघितलंस?"

"बघितलं."

"परत बघ."

मी परत बघितलं.